पाव्हण्यांची तबकडी

व्याह्यानं लेकीच्या सासरी किती दिवस मुक्काम ठोकावा, याला काही रीत आहे की नाही? आमच्या गडहिंग्लजच्या बाजूला लेकीचा बाप येतो, भिंतीला टेकून चहा घेतो, जावयाला पीकपाण्याचं विचारतो आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत जातो. माझे व्याही सगुण खवणेकर वेंगुर्ल्याहून सोमवारी आले आणि शनिवार उजाडला तरी जाण्याचं नाव नाही. बरं, एकटे आले असते तर एक वेळ चाललं असतं. सोबत तबकड्या वाजवायची एक पेटी आणि खोकं भरून काळ्या तबकड्या. त्या खोक्यातली एकच तबकडी सोमवारपासून वाजत होती.

त्या शनिवारी सकाळी सातला ती तिसऱ्यांदा लागली, तेव्हा मी हातातलं सूप तसंच घेऊन सोप्यात गेले.

"पाव्हणं, त्या माणसाच्या पोटात दुखतंय काय?"

"कोणाच्या?"

"त्यो आत ओरडतोय त्याच्या."

"तो गाता, विहीणबाय."

"मग गाऊन झालं की सांगा. ओवा देते."

दुसरा कोणी असता तर हसला असता, नाहीतर चिडला असता. ह्यांनी दोन्ही केलं नाही. माझ्याच खुर्चीत बसून, डोळे मिटून, एक कान पेटीकडं लावून राहिले. बंद दारापलीकडं कोणी बोलतंय का ते ऐकावं, तसे.

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. चैत्र संपत आला होता, म्हणजे चटणीचा हंगाम. घराला लागूनच माझा मिरची कांडपाचा डंका आहे. चार लोखंडी मुसळं, चार उखळं, एक मोटर. मालक वारल्यापासून मीच चालवते. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, पण चारातलं कुठलं मुसळ आज आळस करतंय ते मी चुलीपाशी बसून सांगते. हंगामात सकाळी सहापासून अंगणात बायकांची रांग. कुणाची ब्याडगी, कुणाची संकेश्वरी, भाजून, तेलावर परतून, पिशव्या भरभरून. त्यात डंक्याचा दणका. आणि त्या दणक्यात हे सातासमुद्रापलीकडचं ओरडणं. एका कानात एक, दुसऱ्यात दुसरं. माझं डोकं उठलं होतं.

तरातरा मागच्या पडवीत गेले. सून वैजयंती मिरच्यांचे देठ काढत बसली होती. डोळ्यांतनं धारा.

"वैजू, तुझ्या बाबांना विचार, गाडी कितीची हाय म्हणावं."

तिनं पदर डोळ्यांना लावला. म्हटलं, मिरचीचा हात लागला असेल. पण देठ काढताना कुणी एवढं रडत नाही.

"काय झालं गं?"

"बाबा पेटी विकतायत, आई. सगळ्या तबकड्यांसकट. कोल्हापूरचा जुन्या वस्तू घेणारा माणूस आज बाराला इथं येणार आहे."

"मग चांगलंच हाय की!" मी म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला होता.

"चांगलं कसलं? माझी आई जाऊन दीड वर्ष होत आलं. तेव्हासुद्धा ते एवढे खचले नव्हते. बोटीवरनं घरी यायचे तेव्हा आधी पेटी उघडायचे, मग आम्हाला जवळ घ्यायचे. लहानपणी आम्ही ह्या गाण्यावर नाचलोय. आता का विकताय विचारलं तर म्हणतात, जुनी झाली. तुम्ही विचारा ना. तुम्हाला ते घाबरतात."

मला घाबरतात म्हटल्यावर जरा बरं वाटलं. तरी मी म्हणाले, "त्यांची वस्तू, त्यांनी विकावी. त्यात विहिणीनं कशाला नाक खुपसावं?" आणि डंक्यावर गेले.

दहाला थ्री-फेज गेली. तेव्हा दर शनिवारी असायचं ते भारनियमन, घरातले दिवे राहायचे पण मोटर बसायची. डंका थांबला. बायकांनी पिशव्या टेकवल्या, पाय पसरले, कुणी पान काढलं. आणि सोमवारपासून पहिल्यांदा त्या तबकडीचा आवाज एकटा माझ्या कानावर पडला.

चहाचं भांडं चुलीवर ठेवलं आणि सोप्याच्या दारात उभी राहिले.

तबकडीचं पाकीट खुर्चीशेजारी पडलेलं होतं. त्याच्यावर एका काळ्या धिप्पाड माणसाचा फोटो. गुडघ्यावर बसलेला, घामानं भिजलेला, तोंड असं उघडं की पडजीभ दिसावी. त्याच्यामागं झाडाएवढे केस वाढवलेले वाजवणारे, लांब पिपाण्या घेतलेले.

"विकताय म्हणं," मी म्हणाले.

"वैजून सांगितल्यान?"

"तिच्या डोळ्यांनी सांगितलं. का विकताय?"

"जुनी झाली."

"जुनी तर मीबी झाले. मला कोण न्यायला येतंय काय?"

ते हसले. सोमवारपासून पहिल्यांदा. मग पाकीट उचलून मांडीवर घेतलं.

"चौऱ्याहत्तर साल. अमेरिकेत सवाना म्हणान बंदर असा. आमची बोट थंय नऊ दिवस अडकली. मी एका न्हाव्याकडे केस कापूक बसलंय आणि ह्या गाणा लागला. न्हाव्यान कात्री थांबवल्यान. दुकानातल्या सगळ्यांच्या माना हलतत. मी अर्धे केस कापलेलो, तसोच उठलंय आणि नाचलंय! ह्येका सोल म्हणतत, फंक म्हणतत. त्या न्हाव्यान माका एकच गोष्ट शिकवल्यान. पहिल्या ठोक्यार सगळ्यांनी एकदम घरात येवचा. मधे कोणी खंय फिराचा ता फिरांदेत, पण पहिल्या ठोक्याक घरात."

"बरं. मग?"

"मगे तीस वर्षां ह्या गाण्यार माझो पाय कधी गप रवलो नाय. वैजूची आई प्रभा म्हणायची, तुमका भूत लागता. ती गेली. वर्ष पाळलंय. पेटी कपाटार ठेवली, चादर घातली. वर्षश्राद्ध झाला, काढलंय, लावलंय." त्यांनी हात पसरले. "काय नाय. पाय जाग्यार. म्हटला कान गेले. सावंतवाडीक डॉक्टराक दाखवलंय. तो म्हणता, कान ठणठणीत. मगे माका समाजला काय गेला ता." आणि त्यांनी छातीवर बोट ठेवलं.

चुलीवर चहा उकळत होता, तो मी उकळू दिला.

"चार महिने रोज लावन बघतंय. येता काय, येता काय. म्हटला, लेकीच्या भरल्या घरात तरी येयत, म्हणान हंय इलंय. येणा नाय. मगे ही ठेवन काय करू? रोज वाजवन रोज बघू, की माझ्यात काय उरला नाय ता?"

बाहेर बायका खिदळत होत्या. मला त्यांचा राग आला, आणि मग स्वतःचा. ओवा देते म्हणाले होते मी.

"लावा परत," मी म्हणाले.

"राहू दे."

"लावा म्हणते ना. विहिणीचा शब्द मोडतासा?"

त्यांनी सुई ठेवली. मी उंबऱ्यावर बसले आणि डोळे मिटले. भाषा मला कळत नव्हती, कळायचं कारणही नव्हतं. आधी एक जाड तार घुमत आली, पाण्यानं भरलेल्या घागरीवर थाप मारावी तशी. मग दुसरी बारीक तार, किसणीवर खोबरं घासल्यासारखी, खर्र खर्र. खाली ढोल. आणि मग त्या माणसाची आरोळी आली आणि पिपाण्यांसकट सगळे एकदम खाली पडले.

तिथं माझ्या कपाळाला आठी पडली.

म्हटलं, थांब. परत येऊ दे. परत आलं. परत तेच.

काय होतं, मुसळ नुसतं हलत असतं तोवर पट्ट्याला काही वाटत नाही. उखळ भरलेलं असलं आणि उचलायला जोर लागला की सैल पट्टा उघडा पडतो. मोटर पुढं पळते आणि मुसळ मागं राहतं. केसभर. डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला असं वाटतं की माणूस पायरी चढताना गुडघ्यावर हात ठेवतोय. ती पेटी तेच करत होती. हलकं वाजत होतं तोवर कशीबशी चालायची. सगळे मिळून पडायची वेळ आली की दमायची, गुडघ्यावर हात ठेवायची.

"पाव्हणं, ह्याचा पट्टा सैल हाय."

"कसलो पट्टो?"

"फिरवतोय त्यो. तुमचा पहिला ठोका मागं पडतोय. सगळी घरात यायला निघाल्यात आणि उंबऱ्याला अडखळत्यात."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जसं मी देवळात चप्पल घालून शिरले. "विहीणबाय, ह्या संगीत असा. मिरची न्हय."

"मिरची असती तर एवढ्यात कुटून झाली असती. ह्यो तबकडीखालचा फिरता तवा उचला."

"हात लावू नकात! तीस वर्षांत आत कोणाक हात लावूक दिलो नाय मी!"

"म्हणजे तुम्हीपण आत बघितलं न्हाई?"

"मी डेकवरचो माणूस. इंजिनातलो न्हय."

"बाराला एक परका माणूस ही पेटी काखेत मारून नेणार. तवा चालतंय. आणि मी बोट लावलं की इटाळ?"

वैजू केव्हाची दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "बाबा, बघू दे ना आईंना." ते उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. डॉक्टर सुई टोचताना माणूस भिंतीकडं बघतो ना, तसे.

मी पदरानं हात पुसले. वरचा तवा अलगद उचलला. खाली एक चपटा काळा रबरी पट्टा होता, बोटाएवढा रुंद. मोटरच्या पितळी बोंडावरनं तो नुसता लोंबत होता, धुऊन धुऊन ढिल्या झालेल्या नाडीसारखा.

"पाव्हणं, मागं वळा. वळा! हे बगा."

ते वळले. वाकले. चष्मा काढला, परत लावला.

"किती महिने कपाटावर ठेवली होती म्हणालासा?"

"बारा."

"पट्टा चढवून? कौलाखाली, उन्हाळ्यात?"

"माका काय म्हायत तो असा म्हणान!"

"आमच्या मालकांची शिस्त होती. पावसाळ्यात डंका बंद ठेवला की पट्टा उतरवून खुंटीला. ताणलेला पट्टा गप उभा राहिला की लांबतो. तुम्ही बायकोचं वर्ष पाळलंसा, ते बराबर केलंसा. पट्ट्याला कशाला पाळायला लावलंसा?"

मी चुलीवरचा चहा दुसऱ्या भांड्यात ओतला, पहिलं विसळलं, त्यात स्वच्छ पाणी घातलं आणि उकळी आल्यावर पट्टा आत सोडला.

"शिजवतास काय तेका!" व्याही माझ्यामागं चुलीपर्यंत धावत आले.

"चार उकळ्या. वैजू, शिलाई मशीनचं रबर सैल झालं की तू काय करतीस, सांग तुझ्या बाबांना."

"उकळते, बाबा."

"आणि मीठ?" त्यांनी विचारलं. चिडून विचारलं होतं, पण वैजू फस्सकन हसली.

भाकरी उलटायच्या उचटणीनं पट्टा बाहेर काढला, फडक्यात दाबून कोरडा केला, पंख्याखाली धरला. पितळी बोंडावरचा तीस वर्षांचा मेणचट थर पुसला. डंक्याच्या पट्ट्याला लावतो त्या राळेची पूड, नखावर मावेल एवढी, बोंडाला चोळली. पट्टा चढवताना आता ओढून घ्यावा लागला. बोटानं छेडला तर टुण्ण वाजला. तवा ठेवला.

"लावा."

व्याह्यांनी सुई टेकवली. सुई दोनदा घसरली. तिसऱ्यांदा बसली.

काय सांगू. ती घागर आली, ती किसणी आली, पण आता त्यांना घाई होती, कुठंतरी पोचायची घाई. गडी ओरडला आणि सगळे पडले. धाड्! एकदम, एका जागी, एकही पाय उंबऱ्याबाहेर राहिला नाही. आणि लगेच उठून परत निघाले. मला वाटत होतं की हा माणूस रडतोय. छे! तो सगळ्यांना कामाला लावत होता. तू ओढ, तू कूट, तू थांब, आता सगळे! माझ्यासारखाच. अशा मुकादमाच्या हाताखाली मी फुकट काम केलं असतं.

बाहेर गडबड उडाली. ह्या ठोक्यांनी अंगणातल्या बायकांना वाटलं की डंका सुरू झाला. भराभर पिशव्या उचलून त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढची म्हातारी दारातनं ओरडली, "हौसाबाई, थ्री-फेज आली नव्हं? माझी संकेश्वरी आधी घे!"

आणि तिनं आत बघितलं.

व्याह्यांचा आधी अंगठा हलला होता. मग टाच. मग खांदा, एकच, डावा. मग सदुसष्ट वर्षांचा तो माणूस लुंगीचा सोगा हातात धरून माझ्या सोप्यात असा नाचायला लागला की पाय कुठं पडतोय ते दिसेना, फक्त पहिल्या ठोक्याला दोन्ही टाचा एकदम जमिनीवर. वैजूनं तोंडावर हात धरला, मग तीही पुढं झाली. बाप-लेक समोरासमोर. म्हातारी मिरचीची पिशवी पोटाशी धरून दारातच डोलायला लागली. आणि माझं म्हणाल, तर उचटणी माझ्या हातातच होती आणि ती खुर्चीच्या पाठीवर आपटत होती. पहिल्या ठोक्याला.

तेवढ्यात अंगणातनं आवाज आला, "खवणेकर काका इथंच राहतात का?"

कोल्हापूरचा माणूस. दोन रिकामी खोकी आणि सुतळी घेऊन. बायकांतनं वाट काढत तो आत आला, हसला आणि म्हणाला, "व्वा! काय कंडिशन आहे! भरू का, काका?"

व्याही थांबले. छाती वरखाली होत होती. त्यांनी सुई उचलली.

"भर," ते म्हणाले.

"बाबा!" वैजू ओरडली.

"अवो, आता कशाला?" मी म्हणाले. "आता तर ठीक झाली!"

"म्हणानच." ते माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणला. "चार महिने माका वाटत होता, प्रभा गेली आणि माझ्यातला ह्या तिच्यावांगडा गेला. वायट वाटत होता, पण बरापण वाटत होता, विहीणबाय. म्हटला, नवऱ्याचा असाच होवक व्हया. आणि आता बघा. दीड वर्ष नाय झाला, तुम्ही एक रबर उकळलास आणि मी लुंगी उचलून नाचतंय. कसलो नवरो मी?"

तो माणूस तबकड्या खोक्यात घालायला लागला होता. एक, दोन. तिसरी हीच.

मी कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या दिवशी सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. समोर सून उभी होती तरी सांगितलं.

"आमचं मालक वारलं, पाव्हणं, तवा चौदाव्या दिवशी मी डंका चालू केला. लोकांच्या चटण्या खोळंबल्या होत्या. बटण दाबलं, मुसळ पडलं, आणि मला बरं वाटलं. पोटातनं बरं वाटलं. लोक म्हणाली, बाईला काळीज न्हाई. मला लोकांचं काय वाटलं न्हाई. पण मीबी तेच म्हणत होते. मिरच्यांच्या पोत्यामागं बसून म्हणत होते. लई दिवस."

"मगे?"

"मग काय. डंका थांबला न्हाई, आणि मालकांची आठवणबी थांबली न्हाई. आजबी मुसळ पडलं की बरं वाटतंय, आणि आजबी दुपारी जेवताना एक ताट जास्त काढते. मला काय त्यातलं एक निवडायला कुणी सांगितलं न्हाई. तुम्हाला कुणी सांगितलं?"

व्याह्यांनी लुंगीचा सोगा खाली सोडला. मग त्या माणसापाशी गेले, खोक्यात हात घातला, तबकडी बाहेर काढली आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसली. त्याला म्हणाले, "तू चाय घे, पोरा, आणि जा. तुका उगाच त्रास दिलंय."

वैजूनं त्याच्या हातातली सुतळी काढून घेतली, म्हणजे विषय मिटला.

तबकडी परत पेटीवर ठेवली तरी व्याही सुई उचलेनात. अंगणातल्या बायकांदेखत, सुनेदेखत, त्या कोल्हापूरच्या माणसादेखत त्यांनी मला विचारलं, लहान पोरानं विचारावं तसं, "खरा सांगा विहीणबाय. मी वायट नवरो नाय मां?"

मी उचटणी खाली ठेवली, पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नवरा तुम्ही वाईट न्हवतासा, पाव्हणं. मेकॅनिक तेवढं भिकार हायसा."